शकुबाईचं स्वप्न

डबा पोचवायचा, एवढंच काम होतं. आंजीहून पहाटेची पहिली एस.टी. धरायची, वर्ध्याच्या स्टँडवर उतरून सेवाग्रामची गाडी पकडायची, दवाखान्यात बायकोला डबा द्यायचा, दिवसभर तिच्याजवळ बसायचं आणि शेवटच्या गाडीनं परत यायचं. एक्क्याऐंशी सालच्या दिवाळीनंतरचे सोळा दिवस किसनरावानं असेच काढले होते.

ही गोष्ट महादेवराव सांगत. ते तेव्हा वर्धा-आर्वी गाडीवर कंडक्टर होते आणि किसनरावाचं तिकीट रोज तेच फाडत. पुढे सात वर्षांनी, ते रिटायर झाल्यावर, पौषातल्या एका रात्री लाईन गेली म्हणून सगळे अंगणात शेकोटीभोवती बसले होते. पुतणी नलू नवऱ्याला घेऊन माहेरपणाला आलेली. नवरा ओमप्रकाश, नागपूरला बँकेत. बोलता बोलता तो म्हणाला, परवा आमचे घरमालक स्वप्नात मेलेले दिसले, चला, म्हाताऱ्याचं आयुष्य वाढलं! सगळे हसले. महादेवराव हसले नाहीत.

"सांगतलं का त्याईले?"

"कोणाला? मालकांना? नाही बा. सांगायचं काय त्यात, काकाजी?"

महादेवरावांनी काडीनं निखारा हलवला. "आंजीचा किसन ठावूक हाये का तुमाले? नसंल. मंग ऐका. माह्या डोयानं पाह्यलं तेवढं मी पाह्यलं. बाकीचं त्यानं मले सांगतलं, माह्याच गाडीत बसून. खोटं सांगाचं त्याले काई कारण नोतं."

किसनराव तसा साधा माणूस. आठ एकराचं वावर, कपाशीची पऱ्हाटी आणि तूर, दोन बैल. मूलबाळ नाही. घरात तो आणि अन्नपूर्णा. पण गावात त्याचं नाव होतं ते वावरापायी नाही, स्वप्नांपायी. त्याला माणसं स्वप्नात दिसत, तीही ओळखीची, आणि बहुतेक वेळा मेलेली.

पहिल्यांदा दिसला तो तानबा, चौऱ्याहत्तर साली. अंगणात तिरडी बांधून ठेवलेली, माणसं जमलेली, कोणी बोलत नाही. किसनराव पुढे होऊन तोंडावरचं धडुतं बाजूला करतो, तर तानबा. तो घाबरून उठला आणि शेजारच्या शकुबाईला जाऊन विचारलं. शकुबाई जुनी, विधवा, साठीच्या पुढची. तिला असल्या गोष्टी ठाऊक.

ती म्हणाली, "आरे, घाबरतं काऊन? मेलेला दिसला म्हंजे त्याचं आयुष्य वाढते. पण तोंड धुवाच्या आंधी जाऊन त्याच्या उंबऱ्यापाशी उभं राहाचं आन् त्याले सांगाचं. त्यानं तुह्या तोंडात साखर घालाची. सपन सांगतलं त सुल्टं, दाबलं त उल्टं."

किसनराव गेला. तानबा तेव्हा काविळीनं पिवळाधमक पडलेला. त्याच्या बायकोनं साखरेची चिमूट आणून दिली, तानबानं ती किसनरावाच्या तोंडात घातली. पंधरा दिवसांत तानबा औताच्या मागे उभा.

मग दर वर्षी एक-दोन जण दिसत गेले. पोलीस पाटलाची आई दिसली. पिठाची चक्कीवाला दिसला. सगळे जगले. पहाटे अंधारात न धुतलेल्या तोंडाचा किसनराव आपल्या दाराकडे येताना दिसला की माणसं साखरेचा डबाच घेऊन बाहेर येत. पारावर पोरं चेष्टा करत, "किसनभाऊ, आमाले बी मारा ना एखांद्या राती! पंप घ्याचा हाये अजून." शकुबाईची तक्रार वेगळीच. "गावातल्या साऱ्याईले मारलं तू, मलेच सोडलं. येवढी काय वंगाळ हाओ मी?"

त्यावर अन्नपूर्णा हसून म्हणे, "मावशी, मी त एका हाथरुणावर झोपतो, मी बी नाई दिसली कदी."

तेही खरंच होतं. बावीस वर्षांच्या संसारात ती त्याला स्वप्नात कधीच दिसली नव्हती. जिवंतही नाही.

दिवाळीच्या पाडव्याला अन्नपूर्णेला ताप भरला. आधी गावातला डॉक्टर झाला, मग सेवाग्राम. ताप उतरेना, छातीत पाणी झालं. तिच्या भावाची बायको मंदाबाई तिच्याजवळ राहायला आली, कारण बायकांच्या वॉर्डात रात्री पुरुषाला थांबू देत नसत. घरी भाकर टाकायला कोणी नाही, म्हणून शकुबाईनं आपणहून डब्याचं काम घेतलं. पहाटे चारला तिची चूल पेटायची. दोन घरांत एकच भिंत. किसनरावाला अंथरुणात पडल्या पडल्या भाकर थापल्याचा आवाज यायचा आणि तो उठायचा.

अन्नपूर्णा रोज विचारायची. डबा उघडायच्या आधी.

"दिसली का जी मी?"

"नाई."

मग ती भिंतीकडे तोंड करायची. दोन घासांवर जेवायची नाही.

पहिल्या आठवड्यात ती हे थट्टेनं विचारत होती. दुसऱ्या आठवड्यात थट्टा गेली. मंदाबाई एकदा त्याला बाहेर व्हरांड्यात घेऊन म्हणाली, "भाऊजी, ते काई खात नाई. म्हणते, गावाले वाचवलं, मलेच काऊन नाई? तुमी काई तरी करा."

काय करणार? स्वप्न म्हणजे काय बैल आहे, कासरा लावून आणायला? तरी त्यानं केलं. रात्री तिचं जुनं लुगडं उशाखाली घेऊन झोपला. डाव्या कुशीवर झोपला, उजव्या कुशीवर झोपला. एक दिवस अन्नपूर्णेसाठी आणलेला पेढा खाऊन झोपला. काही दिसलं नाही. झोपच यायची नाही, तर दिसणार काय?

मंगळवार, सतरा नोव्हेंबर. संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी त्याला बाजूला घेतलं. शांत बाई. म्हणाल्या, "आम्ही करतोय. पण आजची रात्र आणि उद्याचा दिवस जड आहे. तुम्ही मनाची तयारी ठेवा." किसनरावानं मान हलवली. शेवटची गाडी महादेवरावांचीच होती. त्यांनी तिकीट दिलं, तो पैसे द्यायचे विसरला, त्यांनीही मागितले नाहीत.

घरी आल्यावर तो न जेवता पडला. अकराच्या सुमारास चंद्र वर आला, छपराच्या कवेलूंच्या फटीतून उजेडाचा एक पट्टा आत उतरला, तेवढं त्याला आठवतं.

मग अंगण दिसलं. त्याचंच.

माणसं जमलेली. तिरडी बांधून झालेली. कोणी बोलत नव्हतं. आणि स्वप्नातल्या किसनरावाला मनातून आनंद झाला. महादेवरावांना हे सांगताना तो खाली मान घालून म्हणाला होता, "आनंद झाला मले. म्हटलं, आली. माही बायको आली एकदाची." बायको मेलेली दिसावी म्हणून एक माणूस गर्दीतून वाट काढत होता. कोणाला हात लावत, सरका, सरका, म्हणत होता.

त्यानं धडुतं बाजूला केलं.

शकुबाई होती.

डोळे मिटलेले, ओठ किंचित उघडे, काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखे. तिचं आणि त्याचं तोंड इतकं जवळ की... तो उठला.

घरात थंडी होती. पलीकडे भाकर थापल्याचा आवाज सुरू झाला होता.

तो थोडा वेळ तसाच बसला. मग उठून, तोंड न धुता, शकुबाईच्या दाराशी गेला. दार उघडंच होतं. चुलीच्या उजेडात ती पाठमोरी बसलेली, हात पिठाचे.

तिनं वळून बघितलं. त्याचं तोंड बघितलं. आणि हसली.

"काऊन रे किसना? येवढ्या पहाटे? ... कोणी दिसलं काय?"

तो उंबऱ्यापाशी उभा होता. बोलायचं होतं ते सगळं तोंडात होतं. दोन शब्द. तू दिसली. एवढंच.

पण त्याच क्षणी त्याच्या मनात आलं, मावशी तर ठणठणीत आहे. चार मैल चालून हिंगणीच्या गाडीला जाते. तिला आयुष्य वाढवून काय करायचं? आणि तिकडे कॉटवर पडलेली ती... स्वप्न एकच. एकाच उंबऱ्यावर टाकता येतं.

"नाई," तो म्हणाला. "गाडी लवकर पकडाची हाये. डबा दे."

शकुबाई बघत राहिली. मग तिनं हात धुतले, डबा बांधला, त्याच्या हातात दिला. हात सोडताना म्हणाली, "तोंड नाई धुतलं तू."

तो डबा घेऊन वळला.

त्या सकाळी वर्ध्याच्या स्टँडवर महादेवरावांनी त्याला चहा देऊ केला. रोज पीत असे. त्या दिवशी नको म्हणाला. "बोलतही नोता. ओठ असे घट्ट दाबून बसला होता," महादेवराव म्हणाले. "जसं काई तोंडात पाणी धरून चालला."

वॉर्डात अन्नपूर्णा डोळे मिटून पडलेली. श्वास वर वर. तिनं विचारलंही नाही. किसनरावच वाकला.

"दिसली तू."

तिनं डोळे उघडले.

"आज पहाटे. अंगणात. आपल्याच अंगणात. समदे जमले होते. म्या पदर बाजूले केला, त तूच."

तिनं त्याच्याकडे इतकं एकटक पाहिलं की त्याला वाटलं, ओळखलं हिनं. पण तिनं हात उचलला. मंदाबाईनं चहासाठी ठेवलेल्या पुडीतली साखर तिच्या बोटांवर दिली आणि अन्नपूर्णेनं ती त्याच्या तोंडात घातली. मंदाबाई डोळे पुसत बाहेर गेली.

साखर लवकर विरघळली नाही, असं किसनराव सांगे.

संध्याकाळी ताप उतरला. तिनं पेज मागितली. तो शेवटच्या गाडीला निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "औषध लागू पडलं." किसनरावानं त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी मागे सरकून हात जोडले.

आणि गुरुवारी पहाटे पलीकडे भाकर थापल्याचा आवाज आला नाही.

किसनराव अंथरुणात वाट बघत पडला. चार वाजले असतील. साडेचार. मग तो उठला. दार उघडंच होतं. चूल पेटवलेली, काड्या जळून राख झालेल्या. पाणी मिसळून ठेवलेलं पीठ परातीत. शकुबाई चुलीपाशी एका कुशीवर, झोपल्यासारखी.

लोक जमले. तिरडी बांधली. किसनरावानं खांदा दिला. तिच्या तोंडावरचं धडुतं बाजूला करायची वेळ आली तेव्हा तो मागे उभा राहिला.

नदीवरून परतताना तानबा त्याच्या बरोबर चालू लागला. मग, "किसन, तुले दिसली नोती का बुढी?"

"नाई."

"नाई?"

"नाई म्हटलं ना."

तानबानं तंबाखू मळली. "बुधवारी पहाटे म्या बंडीले बैल जुतले. कापूस न्याचा होता. तू तिच्या दारात उभा होता."

"डबा घ्याले गेलतो."

"तोंड न धुता?"

किसनराव थांबला. तानबाही थांबला. तो किसनरावाच्या साखरेनं जगलेला माणूस होता. त्यानं आणखी काही विचारलं नाही. तंबाखू तोंडात टाकली आणि पुढे चालू लागला. पण त्या दिवसापासून पारावर किसनराव आला की बोलणं थांबायचं. कोणी काही म्हणायचं नाही. फक्त थांबायचं.

"मग?" नलूनं विचारलं. ती शालीत घट्ट गुंडाळून बसली होती.

"मंग काय. बायको बरी होऊन राह्यली होती. रोज जरा जरा. पण किसनाचं तोंड पाहाल त... वाटंल, बायको मेली त्याची."

अन्नपूर्णेला शकुबाईचं कोणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनीच बजावलं होतं, जिवाला धक्का नको. डबा आता किसनराव खानावळीतून घेई. अन्नपूर्णेनं चार दिवस विचारलं नाही. पाचव्या दिवशी, मंगळवारी, घास तोंडात घोळवत म्हणाली, "मावशीच्या हातची नाई हे भाकर."

"तिले बरं नाई जरा," किसनराव म्हणाला.

"बरं नाई?" अन्नपूर्णेनं त्याच्याकडे पाहिलं. "मंग रोज राती येवढ्या दूर कायले येते मावशी?"

मंदाबाई मोसंबी सोलत होती. तिचे हात थांबले.

"कोण येते?"

"शकुमावशी. समदे झोपले की येते. इथं, पायथ्याशी बसते. म्या म्हटलं, मावशी, थंडी हाये, वरतं ये. येत नाई."

मंदाबाईनं किसनरावाकडे पाहून मान हलवली. कोणी येत नाही.

"सपनात येत असंल तुह्या," किसनराव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"सपनातच त. नाई त कशी येईन?" अन्नपूर्णा सहज म्हणाली. "एकच इचारते रोज. किसना काय बोलला तुले?"

किसनरावानं डब्याचं झाकण लावलं. शकुबाई काय विचारते, हे त्यानं दुसऱ्यांदा मनात म्हणून पाहिलं. आणि मग त्याच्या ध्यानात आलं ते दुसरंच. बावीस वर्षांत अन्नपूर्णेनं त्याचं नाव कधी घेतलं नव्हतं. उखाण्यातसुद्धा आढेवेढे. आंजीतली कुठली बाई नवऱ्याचं नाव असं घेते? आत्ता तिनं ते घेतलं होतं. अडखळली नव्हती. लाजलीही नव्हती. शकुबाई घेई, तसंच. शेवटचा "ना" लांबवून.

"मंग... तू काय सांगतलं?"

"जे तुमी सांगतलं तेच. का मी दिसली." तिनं पाणी घेतलं. "मंग हासते आन् जाते."

त्यानंतर किसनराव तिच्याकडे चोरून बघू लागला. ती तीच होती. कपाळ तेच, गोंदण तेच, खोकताना पदर तोंडाशी नेणं तेच. तरी बघायचा. ती भाताचा गोळा कसा करते, बघायचा. झोपेत तिचा श्वास कसा जातो, ऐकायचा. एकदा ती झोपेत बोटं हलवत होती, दोन्ही तळवे एकमेकांवर. थापत होती. की नुसतीच हात चोळत होती? ... त्यानं मंदाबाईला विचारलं नाही. विचारलं असतं तर मंदाबाईनं कारण विचारलं असतं.

शनिवारी, अठ्ठावीस नोव्हेंबरला, शकुबाईचा दहावा. तिला मूल नव्हतं. हिंगणीचा भाचा सदाशिवराव आला, त्यानंच सगळं केलं. संध्याकाळी बायकांनी रीत केली. जिथं माणूस गेलं तिथली जमीन सारवायची, वर तांदळाचं पीठ चाळणीनं पातळ पसरायचं, शेजारी दिवा ठेवायचा, पिठावर टोपली झाकायची आणि घर बंद करायचं. रात्री आत कोणी जायचं नाही. सकाळी टोपली उचलली की पिठात खूण दिसते. पाखराची नखं दिसली तर पाखराचा जन्म, वळवळ दिसली तर सापाचा. गेलेलं माणूस कुठं गेलं, ते असं कळतं.

सदाशिवरावानं कुलूप लावलं आणि किल्ली किसनरावाच्या हातात ठेवली. "तुमी जवळचे. मावशी तुमचंच नाव घ्याची. मी तानबाकडं झोपतो."

त्याच रात्री दवाखान्यातून निरोप आला होता. उद्या सुट्टी देतात. सकाळी घेऊन जा.

अमावास्येनंतरचा दुसरा दिवस, म्हणून बाहेर काळोख. किसनरावानं किल्ली करदोट्याला बांधली आणि अंथरुणावर पडला. भिंतीपलीकडे काहीच आवाज नव्हता. उंदीरसुद्धा नाही.

उद्या ती घरी येणार. तो कोणाला घरी आणणार?

हा विचार त्यानं दोनदा बाजूला सारला. तिसऱ्यांदा तो उठून बसला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, औषध लागू पडलं. तसंच असेल. म्हातारी साठीची होती, वेळ आली होती. तसंच असेल. मग तानबा असा का बघतो? मग अन्नपूर्णा...

झोप लागली की नाही, त्याला सांगता आलं नाही. आवाज आला तेव्हा तो जागा होता, एवढं नक्की.

थप्. ... थप्.

भाकर थापल्याचा.

त्यानं करदोटा चाचपला. किल्ली होती.

थप्. थप्.

तो उठला. तोंड धुतलं नाही. कंदील घेतला नाही. दाराबाहेर आला. शकुबाईच्या दाराला कुलूप होतं. त्यानं हात लावून पाहिलं. थंड. बंद. दाराच्या फटीतून दिव्याचा उजेड, एक बारीक रेघ.

आत आवाज चालू होता.

त्याला पळता आलं असतं. तानबाचं घर तीन घरांपलीकडे. पण तो उंबऱ्यापाशी उभा राहिला, जसा त्या बुधवारी उभा होता. आणि बोलला. हळू. दाराला तोंड लावून.

"मावशी."

थप्.

"मावशी, तू दिसलती मले. त्या पहाटे. बायको नाई... तू. म्या दाबलं. तुह्यं सपन तिले देल्लं. उशीर झाला मले. पण सांगून राह्यलो. तू दिसलती."

आवाज थांबला.

एकदम नाही. एक हात खाली आला, दुसरा आलाच नाही.

तो वाट बघत राहिला. कशाची, ते त्याला कळत नव्हतं. शिवीची. रडण्याची. आतून कोणी म्हणावं... काहीही.

आत काही नाही.

मग फटीतली रेघ गेली. काहीतरी मध्ये आल्यासारखी. आणि परत आली.

...

किसनराव उजाडेपर्यंत तिथंच बसून होता. सदाशिवराव, तानबा आणि चार बायका आल्या तेव्हा तो उंबऱ्याला पाठ लावून होता. तानबानं त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर काढून घेतली. किसनरावानं करदोट्याची गाठ सोडायचा प्रयत्न केला. बोटं चालेनात. सदाशिवरावानंच किल्ली सोडवून घेतली.

कुलूप उघडलं. दिवा विझलेला. चुलीत राख गार. परात पालथी, जशी ठेवली होती तशी. टोपली जागच्या जागी.

पोलीस पाटलाच्या सुनेनं टोपली उचलली.

सगळे पुढे सरकले. मग तीच म्हणाली, "अगंबाई."

पिठात पाऊल होतं. माणसाचं. बाईचं, लहानसं, डावं, टाचेपासून बोटांपर्यंत स्पष्ट. एकच. आजूबाजूच्या जमिनीवर पिठाचा कण नाही.

"माणसाचाच जन्म भेटला वो मावशीले!" एक म्हातारी हात जोडून म्हणाली. दुसरी खाली वाकली, नीट बघितलं आणि तिला हसूच फुटलं. "आन् हे पाहा. बोटात जोडवी हायेत. सवाशीण झाली बुढी! तीस वर्सं रांडपण काढलं, आता सवाशीण झाली!"

बायकांनी पदर डोळ्याला लावले. सदाशिवरावानं टोपी काढली. सगळ्यांना बरं वाटलं. तानबालाही. त्यानं दहा दिवसांत पहिल्यांदा किसनरावाच्या खांद्यावर हात ठेवला.

"जा लेका आता. गाडी येऊन राह्यली. वहिनीले आणाचं हाये ना?"

अंगणात शेकोटी विझत आली होती. ओमप्रकाशनं खाकरून विचारलं, "मग आणली त्यांनी?"

"आणली. माह्याच गाडीत. हाये अजून, धडधाकट हाये. आंजीलेच. किसन बी हाये." महादेवराव थांबले. "कोणाच्या दारात जात नाई आता. कोणी साखर द्याले आलं तरी घेत नाई."

"काकाजी, पण ते पाऊल..." नलू म्हणाली.

"त्याचंच त सांगून राह्यलो. साऱ्याईनं जोडवी पाह्यली. खुश होऊन घरी गेले. किसन एकटा थांबला मागं, पीठ गोळा कराले. नदीत सोडा लागते ते. तवा त्यानं पाह्यलं." ते हळू बोलत होते, निखाऱ्याकडे बघत. "चुलीपाशी बसलेल्या बाईचं पाऊल चुलीकडं असाले पाह्यजे. का नाई?"

नलूनं शाल आणखी ओढून घेतली.

"ते दाराकडं होतं. बोटं दाराकडं. टाच जराशीक उथळ... बोटंच तेवढी पिठात खोल. जशी कोणी सवाशीण दाराकडं झुकून त्याचं बोलणं आयकून राह्यली होती."